शरणपूर : आश्रयाचे गाव

नाशिकच्या शरणपूर रोडचे नाव एका आश्रयस्थानावरून पडले आहे. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास येथे ख्रिस्ती वसाहत स्थापन केली. ब्रिटिश नौदलाने गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना तिने आसरा, शिक्षण व हस्तव्यवसाय दिला. त्यांपैकी जेकब वेनराइट हा १८७३ मध्ये निवर्तलेल्या डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे पार्थिव आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता. १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीसही तो उपस्थित होता. १८७५ मध्ये मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रेअरटाउन वसले, तेव्हा नाशिकमध्ये वाढलेले हेच आफ्रिकी तेथे नव्याने सुटलेल्यांचे शिक्षक व आधार बनले.