हसवणं नायकाकडे गेलं, तेव्हा

मारधाड करणाऱ्या नायकानेच हसवायचंही, हे आता आपल्याला नवीन वाटत नाही. हिंदी सिनेमात मात्र ही दोन कामं बराच काळ दोन माणसांची होती. नायक लढायचा, प्रेम करायचा. हसवायला जॉनी वॉकर असायचे, पुढे मेहमूद. जॉनी वॉकर म्हणजे बद्रुद्दीन काझी, सिनेमात येण्याआधी मुंबईत बस कंडक्टर.

ही वाटणी मोडली ती अमिताभ बच्चन यांनी, आणि त्यांना आधी नायक केलं होतं खुद्द मेहमूदनीच! 'बॉम्बे टू गोवा' (१९७२) हा विनोदी चित्रपट. त्यातल्या एका मारामारीत अमिताभ मार खाऊन पडतात, उठतात, पण च्युइंगम चघळणं थांबत नाही. तो प्रसंग पाहून सलीम-जावेद यांना 'जंजीर'चा नायक सापडला, असं जावेद अख्तर यांनी सांगितलं आहे. म्हणजे हिंदी सिनेमातला सर्वांत संतापी नायक विनोदी चित्रपटात सापडला. 'जंजीर' (१९७३) आणि 'दीवार' (१९७५) मधला विजय मात्र सहसा हसत नाही.

मग १९७७ साली मनमोहन देसाईंचा 'अमर अकबर अँथनी' आला. संवाद कादर खान यांचे. कामाठीपुऱ्यात वाढलेला, भायखळ्याच्या साबू सिद्दिकमध्ये शिकवणारा हा माणूस. अँथनीच्या तोंडी त्यांनी मुंबईच्या गल्लीतली बोली घातली. अँथनी इन्स्पेक्टर अमरकडून सपाटून मार खातो. पुढे दारूच्या नशेत आरशासमोर बसून स्वतःच्या जखमेची मलमपट्टी आरशातल्या प्रतिमेला करतो. विदूषकाने हे केलं असतं तर आपण हसून विसरलो असतो. इथे दोन वर्षांपूर्वी गोदामाचं दार आतून लावून गुंडांना लोळवणारा माणूस स्वतःला हास्यास्पद करून घेत होता. त्याच्या मुठीवरचा विश्वास आधी पक्का होता, म्हणून ती फजिती शोभली. (ऋषी कपूर यांचा कव्वाल अकबरही खट्याळच आहे; पडद्यावरच्या उसासे टाकणाऱ्या नवाबांनंतर मला तो फार आपला वाटतो.)

याची किंमत विनोदी नटांनी मोजली, असं माझं मत आहे. नायकच हसवू लागल्यावर त्याच्या मित्राला कथेत काम उरलं नाही. मेहमूद यांचा तो जुना दबदबा पुढे राहिला नाही. आणि अँथनीचे संवाद लिहिणारे, तोवर पडद्यावर बहुधा खलनायक असणारे कादर खान 'हिम्मतवाला'मध्ये (१९८३) मुनीमजी होऊन स्वतःच हसवायला उभे राहिले.