दौंडचा कान

आमच्या शिरूरला रेल्वे नाही, त्यामुळे दौंड म्हटलं की आम्हाला जंक्शनच आठवतं. पण 1927 साली हे गाव थेट इंग्लंडचं ऐकू लागलं. त्या वर्षी मार्कोनीच्या ‘बीम’ पद्धतीची बिनतारी तारसेवा भारत आणि ब्रिटनमध्ये सुरू झाली. जुलैत व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी तिचं उद्घाटन केलं. संदेश निघायचे खडकीहून आणि येणारे पकडले जायचे दौंडला.

एका कामाला दोन गावं कशाला? ढोलताशाच्या पथकाशेजारी उभं राहून कुजबुज ऐकून बघा, म्हणजे कळेल. खडकीच्या ट्रान्समीटरचा दणका मोठा आणि हजारो किलोमीटरवरून आलेला सिग्नल अगदी क्षीण. म्हणून कान सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब नेला. इंग्लंडमध्येही तेच केलं होतं: ग्रिम्सबीहून पाठवायचं, स्केग्नेसला ऐकायचं.

रेडिओचा मूळ पेच हाच. हवेत सगळे एकदम बोलतात, आपल्याला एकच आवाज हवा असतो. कंपनीकडे जमीन होती, पैसा होता. हौशी रेडिओवाल्याकडे, म्हणजे ‘हॅम’कडे, असतं एक टेबल.

त्याच्या मदतीला आला क्वार्ट्झ क्रिस्टल. हा स्फटिक आपल्या ठरावीक फ्रीक्वेन्सीलाच जोरात थरथरतो, त्यामुळे तिच्या आसपासचंच पुढे जाऊ देतो. पूर्वीच्या ‘लॅटिस’ फिल्टरला किंचित वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीचे, मुद्दाम जुळवलेले क्रिस्टल लागत. ‘लॅडर’ म्हणजे शिडीच्या फिल्टरला सगळे सारखेच चालतात. ते एका ओळीत जोडायचे आणि मधल्या प्रत्येक सांध्यातून एक छोटा कपॅसिटर ग्राउंडला न्यायचा. अमेरिकेच्या वेस हेवर्ड यांनी 1982 मध्ये त्याचं गणित हॅमना झेपेल असं मांडलं.

त्याच वर्षी भारतात रंगीत टीव्ही आला. टीव्हीच्या आणि पुढे कॉम्प्युटरच्या घड्याळासाठी क्रिस्टल ढिगाने बनू लागले आणि स्वस्त झाले. 2004 च्या सुमारास हैदराबादचे अश्हर फरहान यांनी ‘बिटएक्स’ हा ट्रान्सीव्हर मांडला. आपल्या बाजारात मिळेल त्यातूनच तो बनावा, हा त्यांचा हट्ट होता. कॉइल गुंडाळायला त्यांनी चक्क नळाचे वॉशर सुचवले! फिल्टरसाठी 10 मेगाहर्ट्झचे चार साधे क्रिस्टल. येणारा 14 मेगाहर्ट्झचा सिग्नल सेटमधल्या 4 मेगाहर्ट्झच्या लहरीशी मिसळून 10 वर आणायचा आणि या शिडीतून काढायचा. माणसाच्या बोलण्यापुरती, दोन-अडीच किलोहर्ट्झची फट उरते. परदेशी सेट ज्यांना परवडत नव्हता, त्यांना स्वतःचा कान मिळाला.

मी सॉफ्टवेअरवाला. आता असा फिल्टर मी चार ओळींच्या कोडमध्ये लिहू शकतो, मग क्रिस्टल कशाला? पण शेजारचा दांडगा सिग्नल आकडे बनवणाऱ्या चिपलाच बधिर करून गेला, तर पुढचं कोड काय करणार? म्हणून तुमच्या हातातल्या फोनमध्येही अँटेनाजवळ थरथरणारे चिमुकले फिल्टर बसवलेले असतात. गोंगाट आत शिरण्याआधीच अडवावा लागतो. दौंडला त्यासाठी अंतर लागलं, हॅमला चार क्रिस्टल. फरक एवढाच, की दौंडला काय ऐकायचं ते कंपनी ठरवायची. टेबलावरच्या सेटची चकती हॅमच्याच हातात असते.