दाते पाडणारे आणि दाते ठरविणारे

यंत्रयुगाचा इतिहास लिहितांना आपले लेखक इंजिनाची थोरवी वर्णितात; परंतु इंजिन आणि चाक यांच्यामध्यें राहून दोघांचें बिनसूं न देणारी जी गिअरपेटी, तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत जो औद्योगिक पट्टा गेल्या साठ-सत्तर वर्षांत वसला, त्याच्या कर्तृत्वाचें मोजमाप करावयाचें तर ही पेटीच उघडून पाहावी, असें आम्हांस वाटतें. वेगवान् स्पोर्ट्स मोटारीच्या गिअरांचीं गुणोत्तरें कशीं ठरवितात, आणि तीं ठरवितो कोण, असे दोन प्रश्न येथें उभे राहतात. पहिला गणिताचा आहे, दुसरा इतिहासाचा.

बैल उभ्या जागीं असतांहि जुंवास खांदा देऊन सारा जोर लावूं शकतो. पेट्रोलच्या इंजिनास तें साधत नाहीं. मिनिटास कांहीं हजार फेरे झाल्यावांचून त्याच्या अंगीं बळ येत नाहीं, आणि ठराविक फेऱ्यांपलीकडे तें टिकत नाहीं. 1888 सालीं बर्था बेंझ ही जर्मन बाई आपल्या दोन मुलांसह पतीनें बनविलेल्या मोटारींतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेली, तेव्हां चढावावर मुलांना गाडी ढकलावी लागली. चढावासाठीं आणखी एक गिअर हवा, ही तिची सूचना पुढें अमलांत आली. मोटारीचा गिअर असा रस्त्यानें शिकविला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां गणित पाहूं. समजा, एका मोटारीचें चाक एका फेऱ्यांत 1.9 मीटर जातें आणि इंजिनाची मर्यादा मिनिटास 6,500 फेऱ्यांची आहे. पहिल्या गिअरांत इंजिनाच्या 14 फेऱ्यांस चाकाचा एक फेरा पडत असेल, तर गाडी तासास सुमारें 53 किलोमीटरपर्यंत जाईल. शेवटच्या गिअरांत हेंच प्रमाण 3.2 ठेवलें, तर हिशेबानें वेग 232 किलोमीटर येतो. हीं दोन टोकें ठरलीं म्हणजे मधल्या पायऱ्या पाडावयाच्या. त्या गुणोत्तर-श्रेढीनें सारख्या पाडल्या, तर सहा गिअरांच्या पेटींत प्रत्येक बदलाला इंजिनाचे फेरे 6,500 वरून सुमारें 4,840 वर उतरतात. चारच गिअर असले तर ते 3,970 पर्यंत खालीं येतात. इंजिनाचें खरें बळ 4,500 च्या वर असेल, तर चार गिअरांची गाडी प्रत्येक बदलाला दम टाकील. सहा गिअरांची टाकणार नाहीं.

परंतु सारख्या पायऱ्या हेंहि अंतिम उत्तर नव्हे. वेग दुप्पट झाला कीं हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो तोडण्यास शक्ति आठपट लागते. म्हणून वरचे गिअर जवळजवळ व खालचे दूरदूर ठेवण्याची रीति आहे. शेवटचा गिअर फार ‘लांब’ केला, तर कागदावरचा वेग इंजिनास कधींच गांठतां येत नाहीं. पहिला फार ‘लांब’ केला, तर खंडाळ्याच्या घाटांत, पुढच्या मालमोटारीमागें अडकून, क्लच जळतो. याच बोरघाटांत 1863 सालीं रेल्वे सुरू झाली, ती 37 फुटांस एक फूट चढावाची. तेथें गाडीस जादा इंजिन जोडून काम भागविलें. मोटारीला जादा इंजिन मिळत नाहीं. तिला स्वतःच्या दात्यांवरच चढावें लागतें. अतिवेगाच्या फॉर्म्युला वन शर्यतींत पूर्वी प्रत्येक मैदानासाठीं निराळीं गुणोत्तरें बसवीत; 2014 पासून संघांनीं आठ गिअरांचीं गुणोत्तरें हंगामापूर्वीं जाहीर करावीं असा नियम आला. म्हणजे तेथेंहि एकाच संचांत अनेक रस्त्यांचा विचार करणें भाग पडलें.

आतां दुसरा प्रश्न. टाटांनीं 1954 सालीं जमशेदपुरास मालमोटारी बांधावयास आरंभ केला, तो डाइम्लर-बेंझ या जर्मन कंपनीच्या सहकार्यानें. आराखडे परक्यांचे आणि मेहनत आपली, असा तो काळ होता. 1966 सालापासून पिंपरीचा कारखाना उभा राहूं लागला. त्याचे सूत्रधार सुमंत मुळगांवकर यांनीं वाहनांची घाई न करितां अवजारें घडविणारा विभाग आणि उमेदवारांचें शिक्षण यांवर आधीं भर दिला. 1969 सालीं जर्मन करार संपला, तेव्हां ही दूरदृष्टि फळास आली. 1998 सालीं आलेली इंडिका आणि 2008 सालीं दाखविलेली नॅनो हीं त्याच परंपरेचीं अपत्यें. नॅनोस चारच गिअर दिले होते. तो अज्ञानाचा परिणाम नव्हता. किंमत, वजन व तासास 105 किलोमीटरचा वेग यांचा मेळ घालून केलेली ती निवड होती.

याच कंपनीनें मार्च 2017 मध्यें जिनीव्हाच्या प्रदर्शनांत रेसमो ही दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार मांडली. इंजिन 1.2 लिटरचें, शक्ति 190 अश्वशक्तींची, गिअर सहा, आणि सहा सेकंदांच्या आंत शंभराचा वेग गांठण्याचा दावा. ती बाजारांत आलीच नाहीं. पुढल्या वर्षीं कोइमतूरच्या जयेम संस्थेसह टियागोची वेगवान् आवृत्ति निघाली. तिच्यांत चपळाईसाठीं गुणोत्तरें बदललीं होतीं. 2020 पर्यंत तीहि थांबली. इकडे चाकणला फोक्सवॅगनच्या कारखान्यांतून 2013 सालीं सात गिअरांची पोलो बाहेर पडली. परंतु ती पेटी जर्मन विद्येची होती.

स्पोर्ट्स मोटार हें श्रीमंतांचें खेळणें, तिच्यावांचून काय अडलें, असें कोणी म्हणेल. गाडीवांचून अडत नाहीं, हें आम्हांसहि मान्य आहे. पण मालमोटारीच्या गिअरांत थोडी ढिलाई खपून जाते, तशी वेगवान् मोटारींत खपत नाहीं. म्हणून ती अभियंत्यांची परीक्षा आहे. दुसऱ्याच्या नकाशावरून बिनचूक दाते पाडणें हें कौशल्य होय; किती दाते असावेत हें आपल्या रस्त्यावरून ठरविणें हें ज्ञान होय. पहिलें या पट्ट्यानें पुरेपूर मिळविलें. दुसरें मिळविलें, पण ज्या गाड्यांत त्याचा कस लागावा, त्या मध्येंच सोडून दिल्या.

आतां विजेच्या मोटारी आल्या आहेत. विजेची मोटर बैलाप्रमाणें उभ्या जागींच जोर लावते, म्हणून 2020 सालीं आलेल्या विजेवरील नेक्सॉनला एकच गिअर पुरला. यावरून गुणोत्तरांची विद्या कालबाह्य झाली, असें समजणारे चुकतात. सहा गुणोत्तरांत एक चुकलें तर पांच सांभाळून घेतात. एकच असलें, तर घाट आणि सडक या दोहोंचा न्याय त्यानेंच करावयाचा, आणि तो निवाडा आपल्या घाटांत उभें राहूनच करावा लागेल.