हिरव्या वाटणाचं गणगोत

भाजी घेऊन झाली की भाजीवालीला 'मावशी, चार काड्या कोथिंबीर टाका की' म्हणायची आपली सवय काही सुटत नाही. पावसाळ्यात जुडीचा भाव चढला की मावशी ऐकल्या न ऐकल्यासारखं करतात, तरी आपण म्हणतोच. पण ही फुकटात मागायची कोथिंबीर पाणिनीच्या ओळखीची आहे.

हिंदीभाषक दाण्यालाही धनिया म्हणतो आणि पानालाही. फार तर पानाला 'हरा' जोडतो. मराठीत मात्र दाणा धने आणि पाला कोथिंबीर. एकाच झाडाला आपण दोन वेगळ्या घराण्यांतली नावं दिली. धने संस्कृत 'धान्यक'चे, तर कोथिंबीर 'कुस्तुंबुरू'ची. या दुसऱ्या शब्दात मधेच 'स' कुठून आला, यासाठी पाणिनीनं अष्टाध्यायीत स्वतंत्र सूत्र लिहिलंय. पुढे प्राकृतात घासून हा शब्द आपल्याकडे कोथिंबीर झाला, गुजरातीत कोथमीर. कन्नडमध्ये कोत्तंबरी आहे, तेलुगूत कोत्तिमीर.

झाड मात्र मुळात भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचं आणि पश्चिम आशियातलं. १९२२ मध्ये तुतनखामेनचं थडगं उघडलं तेव्हा त्यात साधारण अर्धा लिटर धने निघाले. ग्रीसमधल्या सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर मसाल्यांच्या नोंदी आहेत, त्यांतही धने आहेत. थोडक्यात, कोथिंबीर बाहेरचीच. पण ती इतकी जुनी झाली की आता तिला कुणी गाव विचारत नाही.

वाटणातल्या लसणाची कागदपत्रंही भक्कम आहेत. १८९० मध्ये मध्य आशियातल्या कुचा इथं बॉवर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला भूर्जपत्रांवरचं एक संस्कृत हस्तलिखित मिळालं, साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचं. त्यातला वैद्यकाचा भाग सुरू होतो तोच लसणाच्या गुणगानानं. आणि इकडे आपण चातुर्मासात त्याला स्वयंपाकघराबाहेर बसवतो! आल्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. 'आर्द्रक' म्हणजे ओलं ते आलं, वाळलं की सुंठ.

खरी गोम आहे ती मिरचीत. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेला पोचेपर्यंत आपल्याकडे मिरची नव्हतीच. तिखटाची सगळी भिस्त मिरी, पिंपळी आणि आल्यावर. ओली हिरवी मिरी असायची, पण ती वेलाजवळ राहणाऱ्याला. देशावर पोचायची ती वाळून काळी झालेली. म्हणजे त्या काळी कुणी कोथिंबीर वाटली असेल तर ती हिरवी झाली असेल, पण तिचं तिखट हिरवं नव्हतं. ओला, झणका देणारा, नाकात जाणारा हिरवा तिखटपणा पोर्तुगीज जहाजांतून आला. १५१० मध्ये अल्बुकर्कनं गोवा घेतला, आणि पुढे मुंबईकडे मिरचीला 'गोवाई मिरची' असं नावच पडलं. मिरीला वेल लागतो, आधाराला झाड लागतं, कोकणासारखी दमट हवा लागते. मिरचीचं बी परसात फेकलं तरी दोन-तीन महिन्यांत ताटात तिखट. असं पीक कोण नाकारणार? नाव शोधायचेही कष्ट आपण घेतले नाहीत. होत्या त्याच मिरीवरून मिरची.

म्हणून 'आमच्या पणजीपासून चालत आलेलं' म्हणून जे वाटण आपण कौतुकानं सांगतो, ते काही केल्या पाचशे वर्षांपलीकडे जात नाही. मला यात कमीपणा वाटत नाही. उलट पणज्यांनी परक्या फळाला इतक्या लवकर पाट्यावर घेतलं, याचंच नवल वाटतं.

गोव्यातल्या काफ्रियाल या कोंबडीच्या पदार्थात तर हा प्रवास चाखता येतो. पोर्तुगीज आफ्रिकी माणसाला 'काफ्रे' म्हणत. शब्द मूळचा अरबी 'काफिर'. मोझांबिकहून कोंबडी भाजायची ही तऱ्हा गोव्यात आली. तिकडे तिला लिंबू आणि झणझणीत पिरी-पिरी मिरची चोळतात. गोव्यात आल्यावर ती हिरवी झाली: कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, लसूण, वर मिरी-दालचिनी आणि आंबटपणाला लिंबू नाहीतर व्हिनेगर. पारशांनी तसलंच हिरवं वाटण खोबरं घालून पापलेटाला थापलं, केळीच्या पानात गुंडाळलं आणि वाफवलं. मुंबईच्या सँडविचवाल्यानं तेच पातळ करून पावाला फासलं.

वाटायची रीतही बदलली. पाट्यावर वरवंटा पानं चिरडतो, पाणी जेमतेम शिंपडावं लागतं आणि वाटण गार राहतं. पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यायची. साठच्या दशकात मुंबईतून सुमीतचा मिक्सर आला आणि पाटा हळूहळू दाराबाहेर गेला. मिक्सरचं पातं कापतं आणि तापतं; वाटण काळवंडतं. त्यावर मी पाण्याऐवजी बर्फाचे दोन खडे घालते आणि थांबत-थांबत फिरवते. लिंबू मात्र वाढायच्या वेळी. आंबटानं पानांतलं हरितद्रव्य बदलतं आणि पोपटी रंगाचा शेवाळी होतो. एकदा पाहुणे यायच्या आदल्या रात्रीच लिंबू पिळून ठेवलं होतं. सकाळी डबा उघडला तर कोथिंबीर आठवडाभर फ्रीजमध्ये पडून असल्यासारखी दिसत होती. चव छान होती, पण कुणी दुसऱ्यांदा घेतलं नाही.

आज केलं ते असं: एक जुडी कोथिंबीर कोवळ्या देठांसकट, कारण वास देठातही भरपूर असतो, आठ मिरच्या, बारा पाकळ्या लसूण, बोटाच्या पेराएवढं आलं, मीठ. लसूण आधी ठेचून पाच मिनिटं नुसता ठेवला, कारण पाकळी फुटल्यावरच त्याचा झणका तयार होतो. वाटण बरणीत दाबून भरलं, वर चमचाभर तेल सोडलं. मिक्सरच्या भांड्याला लागलेलं विसळून आमटीत घातलं.