माहुलीचे रामशास्त्री आणि पेशव्यांची माफी

क्षमावणीच्या दिवशी आपण सर्वजण हात जोडून एकमेकांची क्षमा मागतो. ज्यांच्याशी वर्षभरात धड बोलणेही झालेले नसते, त्यांची क्षमा मागणे सोपे जाते. ज्याचे खरोखर देणे लागतो, त्याच्या दारी मात्र पाऊल अडखळते. या संदर्भात आपल्या परिसराशी निगडित असलेली एक हकीकत मला नेहमी आठवते.

साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णा संगमावर वसलेली माहुली हे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचे गाव. माधवराव १७६१ मध्ये, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, पेशवे झाले. पुढे त्यांना जपतपाची ओढ लागली आणि कारभाराकडे दुर्लक्ष होऊ लागले. एके दिवशी शास्त्रीबुवा कामानिमित्त आले, तो पेशवे ध्यानस्थ. ते मुकाट्याने परतले व दुसऱ्या दिवशी त्यांनी काशीस जाण्याची रजा मागितली. माधवरावांनी आदल्या दिवशीच्या वर्तनाबद्दल माफी मागितली. परंतु आपले आचरण कसे धर्माला धरून होते, हेही लगेच सांगितले. शास्त्रीबुवांनी ती माफी मानली नाही. जपतपच करावयाचे असेल तर गादी सोडून माझ्याबरोबर काशीस चला, अन्यथा प्रजेचे काम पाहा, असे त्यांनी स्पष्ट बजावले. पेशव्यांनी तो ठपका मान्य केला आणि ती प्रथा सोडून दिली. १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास कंपनी सरकारचा अधिकारी असलेल्या ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात हा प्रसंग नोंदविला आहे. आपल्या पदरच्या न्यायाधीशापुढे चूक कबूल केल्याने माधवरावांची कीर्ती तसूभरही कमी झाली नाही.

कृष्णाकाठानेच खाली आलो की सांगली-मिरज लागते. राघोबादादांनी गोपाळराव पटवर्धनांची मिरज काढून घेतली, तेव्हा दुखावलेले गोपाळराव निजामास मिळाले. १० ऑगस्ट १७६३ च्या राक्षसभुवनच्या लढाईनंतर माधवरावांच्या हाती सत्ता आली आणि मिरज पुन्हा पटवर्धनांकडे गेली. चूक काकांची, पण दौलतीचे देणे म्हणून पुतण्याने ते फेडले. आम्हा व्यापाऱ्यांना हा हिशेब चटकन समजतो.

समजतो, पण जमतो असे नाही. एकदा भर गर्दीत मी एका जुन्या गिऱ्हाइकास बाकीवरून नको ते बोललो. रात्री वही चाळताना त्यांची रक्कम दुसऱ्याच्या खाती जमा केलेली दिसली. सकाळी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली, मात्र "दिवाळीची गर्दी होती हो" असेही म्हणालो. त्यांनी चहा दिला, पण ते काही बोलले नाहीत. पुढच्या बाजारच्या दिवशी ते रस्त्याने जाताना दिसले. मी गादीवरून उठलो, त्यांना दुकानात बोलावले आणि गिऱ्हाइकांसमोर सांगितले, "त्या दिवशी चूक माझी होती. पैसे तुम्ही दिले होते."

ते क्षणभर थांबले, चपला काढून गादीवर बसले आणि म्हणाले, "धोतरजोडी दाखवा."