वैमानिकाची चूक

ता. १७ सप्टेंबर १९०८ रोजीं अमेरिकेंत, वॉशिंग्टनजवळच्या फोर्ट मायर येथील लष्करी मैदानावर लोकांची गर्दी लोटली होती. ऑर्व्हिल राइट लष्कराला आपलें विमान चालवून दाखवीत होता. त्या दिवशीं त्याच्या शेजारीं लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज नांवाचा तरुण अधिकारी बसला होता. विमान शंभर फुटांहून थोडें अधिक उंच असतांना त्याला गति देणाऱ्या एका फिरत्या पंख्याला चीर गेली; तो थरथरूं लागला, त्यानें शेपटीकडील एक तार ओढून काढली आणि विमान नाकावर आदळलें. राइटची मांडी व बरगड्या मोडल्या. सेल्फ्रिजची कवटी फुटली व त्याच रात्रीं त्याचा अंत झाला. यंत्राच्या विमानाचा जगांतील हा पहिला बळी होय.

या अपघातांत मोडलेला पंखा पुरावा म्हणून समोर होता. पुढें असा उघड पुरावा क्वचितच हातीं लागला आणि ‘वैमानिकाची चूक’ हे दोन शब्द लष्करी दप्तरांत रुळले. राइटच्याच कारखान्यांतील पुढच्या विमानांत एकामागून एक अधिकारी मरूं लागले, तेव्हां त्याचें मत असें पडलें कीं, दोष चालविणाऱ्यांचा आहे. स्वतः यंत्राच्या दोषानें मरतां मरतां वांचलेल्या माणसाचें हें मत थोडें नवलाचेंच! त्या विमानांत इंजिन वैमानिकाच्या पाठीमागें असे. विमान नाकावर पडलें कीं तें त्याच्या अंगावर येई. अखेर १९१४ च्या फेब्रुवारींत लष्करानें तसलीं विमानें वापरणें बंद केलें.

वीस वर्षांनीं या दळाला देशासमोर मान खालीं घालावी लागली. अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं खाजगी कंपन्यांचे हवाई टपालाचे मक्ते रद्द केले आणि तें काम ता. १९ फेब्रुवारी १९३४ पासून लष्कराच्या विमानदळाकडे आलें. हिवाळा अत्यंत कडक, विमानें बहुतेक उघड्या बैठकीचीं, आणि वैमानिकांना रात्रीं वा ढगांत केवळ उपकरणांवर भिस्त ठेवून उडण्याचा सराव नाहीं. टपालाची पहिली थैली उचलण्यापूर्वींच, सरावांत, तिघे जण मेले. जून उजाडेपर्यंत ६६ अपघात झाले व बारा माणसें गेलीं. त्या पोरांना शूर म्हणून गौरवणारे पुष्कळ होते. त्यांना अंधारांत उडावयास शिकवलें होतें कीं नाहीं, हें विचारणारे त्यापूर्वीं फार थोडे. त्याच वर्षीं लष्करानें एडविन लिंक याचीं सहा शिकाऊ यंत्रें विकत घेतलीं. लिंकच्या बापाचा ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. वाद्याला वारा पुरविणारे भातेच वापरून त्यानें जमिनीवर राहून डुलणारें, झुकणारें खोटें विमान तयार केलें होतें. त्यांत चुकणारा मनुष्य मरत नसे.

ता. ३० ऑक्टोबर १९३५ ची घटना निराळी. ओहायोंतील राइट फील्डवर बोइंग कंपनीच्या ‘मॉडेल २९९’ या चार इंजिनांच्या भव्य बाँबफेकी विमानाची परीक्षा चालू होती. सुकाणूवर मेजर प्लॉयर हिल हा मुरब्बी वैमानिक होता. विमान उठलें, सरळ वर चढत गेलें, क्षणभर रेंगाळलें आणि कोसळून पेटलें. हिल त्याच दिवशीं मरण पावला. बोइंगचा वैमानिक लेस्ली टॉवर कांहीं दिवसांनीं गेला. इंजिनें धड होतीं, सांगाडा धड होता. उभ्या विमानाच्या शेपटीचे पट्टे वाऱ्यानें हलूं नयेत म्हणून लावलेली कडी उड्डाणापूर्वीं काढावयाची राहिली होती. ही वैमानिकाची चूक नव्हे, असें कोण म्हणेल? परंतु हिलसारखा मनुष्य विसरतो, तर कोणीहि विसरेल, हें वैमानिकांनीं ओळखलें. त्यांनीं अधिक शिक्षणाची मागणी केली नाहीं. कागदावर एक यादी लिहिली. उड्डाणापूर्वीं काय पाहावें, उतरण्यापूर्वीं काय पाहावें, तें क्रमानें वाचावयाचें. घरची गृहिणी वाण्याची यादी करते तितकीच ही साधी युक्ति. पण मेजरनें यादी वाचून विमान चालवावें, यांत कमीपणा वाटण्याचेच ते दिवस होते.

मग महायुद्ध आलें. डिसेंबर १९४१ पासून ऑगस्ट १९४५ पर्यंत, शत्रूचा मागमूस नसलेल्या अमेरिकेच्या स्वतःच्या भूमीवर, विमानदळाचे ५२ हजारांवर अपघात झाले व सुमारें १५ हजार माणसें मेलीं. हिल जेथें पडला त्याच राइट फील्डवर १९४३ च्या सुमारास अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञापुढें एक कोडें आलें: ‘मॉडेल २९९’ पासूनच निघालेल्या बी-१७ विमानाचे वैमानिक, सुखरूप उतरल्यावर, पंखांमागचे पट्टे मिटविण्याऐवजीं चाकें मिटवीत आणि विमान पोटावर बसे. सी-४७ च्या वैमानिकांकडून मात्र तसें होत नसे. चॅपॅनिसनें बैठकींत जाऊन पाहिलें, तों दोहोंचे खटके शेजारीं शेजारीं आणि हुबेहूब एकसारखे! त्यानें एकाला रबरी चाक बसविलें, दुसऱ्याला पाचरीसारखी मूठ. चूक थांबली.

१९४७ सालीं पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स यांनीं वैमानिकांकडून अशा ४६० चुकांच्या हकीकती मिळविल्या व त्यांचा अभ्यास केला; तसेंच उपकरणें वाचण्यांतील २७० चुका निराळ्या. तीन कांट्यांचें उंचीमापक वाचतांना हजार फुटांची गफलत होई, आणि ती नवशिक्यांकडूनच होई असें नव्हे.

त्याच वर्षीं ता. १८ सप्टेंबरला अमेरिकेचें विमानदळ लष्करापासून स्वतंत्र झालें. सेल्फ्रिजच्या मृत्यूला आदल्याच दिवशीं ३९ वर्षें पूर्ण झालीं होतीं. तेव्हां दर लाख तासांच्या उड्डाणामागें ४४ मोठे अपघात होत. १९९० नंतर हें प्रमाण दोनांच्या आंत आहे.

मोठ्या अपघातानंतर तेथें आतां सहसा दोन चौकशा होतात. पहिल्या चौकशींत साक्षीदारानें गोपनीयतेच्या हमीवर सांगितलेली गोष्ट त्याला शिक्षा देण्यासाठीं वापरतां येत नाहीं. म्हणून तो आपली चूकहि सांगूं शकतो. हा जबाब बाहेर कोणालाहि दाखविला जात नाहीं. मृत वैमानिकाच्या घरच्यांना मिळतो तो दुसऱ्या चौकशीचा अहवाल.