कुर्ल्याहून आलेला ब्रेक

मेडशीहून अकोल्याला जाताना पातूरच्या अलीकडे घाट उतरावा लागतो. गेल्या उन्हाळ्यात त्या उतारावर आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचा ब्रेक दाबला आणि पाय थेट खाली गेला. बाबा शेजारी होते. "गिअर पाड, घाबरू नको," एवढंच म्हणाले. दुसरा, मग पहिला गिअर टाकत गाडी कशीबशी कडेला लावली.

चूक गाडीची नव्हती, आमची होती. चार वर्षं ती गोठ्याशेजारी उभी होती. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. त्या ओलीनं चाकातल्या छोट्या सिलिंडरला आतून गंज चढला, रबराची वाटी खराब झाली आणि ऑइल गळून गेलं.

अकोल्यातल्या मिस्त्रींनी ड्रम उघडून पाहिला. "भाऊ, हे किट आधी कोणत्याही दुकानात भेटायचं. आता मुंबईच्या टॅक्स्याच गेल्या ना."

मुंबईच्या टॅक्सीचा मेडशीच्या गाडीशी काय संबंध? उत्तर शोधताना मी इतिहासात शिरलो.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कारखाना कुर्ल्याला. आधी तिथं अमेरिकन गाड्या जोडल्या जात, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ च्या सुमारास सरकारनं ठरवलं, की परदेशी भाग आणून नुसती जोडणी चालणार नाही, भागही इथंच बनवा. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. उरलेल्या मोजक्या कंपन्यांभोवती सुट्या भागांचे देशी कारखाने वाढले. ब्रेक बनवणारी 'ब्रेक्स इंडिया' १९६२ सालची.

१९६४ मध्ये आलेली फियाट ११०० डी हीच १९७४ पासून पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली आणि २००० च्या आसपासपर्यंत बनत राहिली. गाडीसाठी लोकांना वर्षानुवर्षं थांबावं लागे, नवं काही मिळत नसे. पण मॉडेल फारसं बदललं नाही, म्हणून भागही टिकून राहिले. शिवाय मुंबईत हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी दिवसभर ब्रेक झिजवत होत्या. रोज मागणी, म्हणून रोज माल. तोच माल अकोल्यापर्यंत पोचायचा.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती बंद झाली. कारखाना थांबला तरी गाडी जगली होती, सोबतच्या गाड्या थांबल्यावर मात्र ती एकटी पडली.

सिलिंडर शेवटी कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात सापडला. दुकानदाराकडं रबराचं एक जुनं सीलबंद पाकीटही होतं. मिस्त्रींनी फोनवरच नको म्हटलं: डबीत ठेवलं तरी रबर म्हातारं होतंच. त्यांनी सिलिंडरचं आतलं माप घेतलं, त्याच मापाच्या नव्या वाट्या शोधल्या, शूला नवं लायनिंग रिवेट करून घेतलं.

परतताना बाबा म्हणाले, "आता महिन्यातून दोनदा तरी फिरवू." रविवारी आम्ही पुन्हा घाट उतरलो. पॅडल अर्ध्यावरच घट्ट लागलं. तरीही मी गाडी दुसऱ्या गिअरवरच ठेवली होती.